पडणाऱ्या माणसांनी उभारलेलं जग

न्यूयॉर्कमधल्या रशियन टोळीचा म्होरक्या व्हिगो तारासोव्ह एका गॅरेजवाल्याला फोन लावतो. या गॅरेजवाल्याने त्याच्या पोराच्या थोबाडीत ठेवून दिली आहे आणि एवढी हिंमत झालीच कशी, हे व्हिगोला विचारायचं आहे. पलीकडून न डगमगता उत्तर येतं : तुमच्या मुलाने जॉन विकची गाडी चोरली आणि त्याचं कुत्रं मारलं. व्हिगो क्षणभर गप्प होतो. मग ‘ओह्’ एवढंच म्हणतो आणि फोन ठेवतो.

तोवर जॉन विक काय चीज आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक नसतं. नुकतीच बायको गेलेला, मोठ्या घरात एकटा राहणारा, तिने जाण्यापूर्वी पाठवायची व्यवस्था करून ठेवलेल्या पिल्लाला जीव लावणारा एक अबोल माणूस आपण पाहिलेला असतो. घरात घुसलेल्या टोळक्याचा मार खाऊन तो फरशीवर पडलेलाही पाहिलेला असतो. त्याच्या हातात अजून शस्त्र आलेलं नाही. पण त्या एका उद्गारात आपल्याला कळून चुकतं की पडद्यामागे एक मोठं जग आहे, त्या जगात या माणसाचा लौकिक आहे आणि शहरातला सर्वात धोकादायक गुंड त्याच्या नावाने गारठतो. हे जग दाखवायला दिग्दर्शकाने एक पैसाही खर्च केलेला नाही. एका अनुभवी नटाचा, मायकेल निक्विस्टचा, उतरलेला चेहरा त्याला पुरला आहे.

हे पुस्तक त्या चित्रपटाविषयी आणि त्याच्यामागून आलेल्या मालिकेविषयी आहे. ‘जॉन विक’ २४ ऑक्टोबर २०१४ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला तेव्हा त्याच्याकडून कुणाच्या फारशा अपेक्षा नव्हत्या. दोन-तीन कोटी डॉलरांचं अंदाजपत्रक हॉलिवूडच्या मानाने बेताचंच. तेही ऐनवेळी अपुरं पडलं, तेव्हा अभिनेत्री इव्हा लाँगोरियाने ६० लाख डॉलर घातले म्हणून काम तडीस गेलं. नायक किआनू रीव्ह्ज पन्नाशीचा, आणि त्याच्या ‘द मेट्रिक्स’ला पंधरा वर्षं होऊन गेलेली. लेखक डेरेक कोलस्टॅडने संहितेला आधी ‘स्कॉर्न’ असं नाव दिलं होतं आणि त्याच्या मनातला नायक साठी उलटलेला होता. जॉन विक हे कोलस्टॅडच्या आजोबांचं नाव. रीव्ह्ज जिथे तिथे ‘मी जॉन विक नावाचा सिनेमा करतोय’ असं सांगत सुटला आणि शेवटी तेच नाव चित्रपटाला चिकटलं.

चित्रपटाने जगभरात सुमारे साडेआठ कोटी डॉलर मिळवले. २०१७ चा दुसरा भाग त्याच्या दुप्पट चालला, २०१९ चा तिसरा त्याहून पुढे गेला आणि २०२३ चा चौथा, २ तास ४९ मिनिटांचा असूनही, ४४ कोटींच्या घरात पोचला. सहसा मालिकेचा प्रत्येक नवा भाग आधीच्या भागाच्या पुण्याईवर जगतो आणि हळूहळू ती संपवतो. इथे चढण सलग तीन वेळा आहे. शिवाय गोष्ट म्हणाल तर चार ओळींत संपणारी : धंदा सोडलेल्या मारेकऱ्याला पुन्हा धंद्यात ओढलं जातं आणि त्याला बाहेर पडता येत नाही. मग लोक पुन्हा पुन्हा का आले? ‘मारामारी भारी आहे’ हे उत्तर खरं आहे, पण अपुरं आहे. ‘ते जग भारी आहे’ हेही खरं आणि अपुरं. माझं म्हणणं असं की या दोन गोष्टी मुळात एकच आहेत. हे जग ज्यांनी उभं केलं ते हयातभर दुसऱ्यांसाठी पडत आलेले, मार खात आलेले स्टंटमन होते, आणि मारेकऱ्यांच्या नावाखाली त्यांनी स्वतःचाच धंदा पडद्यावर मांडला.

हे नीट कळायला चॅड स्टाहेल्स्कीची हकिगत माहीत हवी. तो मूळचा किकबॉक्सर. लॉस एंजेलिसमध्ये डॅन इनोसँटो यांच्या शाळेत तो शिकला. इनोसँटो म्हणजे ब्रूस लीचे शिष्य आणि सहकारी. ब्रूसचा मुलगा ब्रँडन तिथेच सरावाला यायचा आणि दोघांची मैत्री होती. ३१ मार्च १९९३ रोजी, नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टन इथे, ‘द क्रो’च्या चित्रीकरणात खोटी काडतुसं भरलेल्या रिव्हॉल्व्हरच्या नळीत अडकून राहिलेला गोळीचा तुकडा सुटला आणि ब्रँडनला लागला. तो वाचला नाही. अठ्ठावीस वर्षांचा होता. उरलेली दृश्यं पुरी करायला निर्मात्यांनी स्टाहेल्स्कीला बोलावलं, कारण त्याची अंगलट आणि चाल ब्रँडनशी जुळत होती. गेलेल्या मित्राच्या कपड्यांत उभं राहायचं, त्याच्यासारखं चालायचं, आणि नंतर आपल्या चेहऱ्यावर संगणकाने त्याचा चेहरा बसवलेला पाहायचा. चोवीस-पंचवीस वर्षांच्या माणसाला आपल्या धंद्याचं स्वरूप यापेक्षा कठोरपणे कळू शकत नाही.

पुढे ‘द मेट्रिक्स’मध्ये (१९९९) तो किआनू रीव्ह्जचा डुप्लिकेट झाला. तिथे हाँगकाँगचे युएन वू-पिंग होते, ज्यांनी नटांना महिनोन्महिने घोटवून घेतल्याशिवाय कॅमेरा सुरू केला नाही. स्टाहेल्स्की आणि डेव्हिड लीच (हा ‘फाइट क्लब’मधला ब्रॅड पिटचा डुप्लिकेट) या दोघांनी १९९७ मध्ये ‘८७इलेव्हन’ ही स्टंटची संस्था काढली होती. जवळजवळ दीड दशक त्यांनी इतरांच्या चित्रपटांतल्या मारामाऱ्या रचल्या. ‘जॉन विक’ची संहिता रीव्ह्जनेच त्यांच्या हाती दिली. दोघांनी मिळून तो चित्रपट केला, पण दिग्दर्शक संघटनेच्या नियमामुळे पडद्यावर नाव एकट्या स्टाहेल्स्कीचं लागलं.

ज्याचं काम उत्तम झालं की तो दिसतच नाही, असा हा धंदा आहे. डुप्लिकेटचा चेहरा कॅमेऱ्यात आला तर शॉट वाया जातो. या माणसांच्या हातात कॅमेरा आला तेव्हा त्यांनी काय केलं, हे पाहण्यासारखं आहे. त्या आधीच्या दहा वर्षांत अमेरिकन ॲक्शनपटावर पॉल ग्रीनग्रासच्या ‘बोर्न’पटांची छाप होती. हातात धरलेला हलता कॅमेरा, क्षणाक्षणाला कट, पायाखालची जमीन सरकल्याचा भास. ग्रीनग्रासच्या हातात त्याला अर्थ होता, कारण त्याचा नायकच गोंधळलेला, स्मृती हरवलेला होता. पण नक्कल करणाऱ्यांनी ती रीत आळशीपणा झाकायला वापरली. नटाला मारता येत नाही, तेव्हा कॅमेरा हलवा. डुप्लिकेटचा चेहरा दिसतोय, तेव्हा कट मारा. स्टाहेल्स्की आणि लीचने नेमकं उलट केलं. रीव्ह्जला अनेक महिने ज्युडो, जिउ-जित्सू आणि नेमबाजीच्या तालमीत घातलं, आणि मग कॅमेरा मागे नेऊन थांबवला. माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसला पाहिजे, आणि सुरू झालेली हालचाल त्याच शॉटमध्ये संपली पाहिजे.

पहिल्या भागातलं ‘रेड सर्कल’ नाइटक्लबमधलं दृश्य घ्या. (नावात जाँ-पिएर मेलव्हिलच्या १९७० च्या ‘ल सर्कल रूज’ची आठवण आहे, आणि पूर्ण मालिकेवर मेलव्हिलच्या मितभाषी, सुटाबुटातल्या गुन्हेगारांची सावली आहे.) जॉन एकाला डाव टाकून आडवा करतो, त्याचा हात स्वतःच्या पायांत अडकवून ठेवतो, तेवढ्यात समोरून धावत आलेल्या दुसऱ्याला गोळी घालतो आणि मग सावकाश खाली दाबलेल्याकडे वळतो. पिस्तूल लांब हात करून धरलेलं नसतं, छातीजवळ तिरकं असतं, कारण जागा अपुरी आहे. आणि गोळ्या संपतात. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. इतर चित्रपटांत नायकाच्या पिस्तुलाला अंत नसतो. इथे मॅगझीन रिकामं होतं, ते काढावं लागतं, दुसरं बसवावं लागतं, आणि त्या दीड सेकंदात समोरचा माणूस दोन पावलं जवळ आलेला असतो. सगळी चुरस त्या दीड सेकंदात आहे. हाँगकाँगच्या जॉन वू यांनी ‘द किलर’ (१९८९) आणि ‘हार्ड बॉइल्ड’ (१९९२) या चित्रपटांत गोळीबाराला नृत्याची लय दिली होती. स्टाहेल्स्कीने त्या लयीत श्वास लागणं आणलं.

आता त्या जगाकडे येऊ. दक्षिण मॅनहॅटनमध्ये, पर्ल आणि बीव्हर या रस्त्यांच्या बेचक्यात, १९०४ साली बांधलेली एक निमुळती, त्रिकोणी इमारत आहे. मालिकेत ती ‘कॉन्टिनेंटल’ हॉटेल होते. इथे फक्त मारेकरी उतरतात. आत रक्त सांडायचं नाही हा पहिला नियम. ‘मार्कर’वर, म्हणजे रक्ताच्या अंगठ्याने दिलेल्या शब्दावर, उलटायचं नाही हा दुसरा. व्यवहार सोन्याच्या नाण्यांत. नाणं दिलं की खोली मिळते, डॉक्टर मिळतो, प्रेतं उचलणारी माणसं मिळतात. एका नाण्याचे डॉलर किती, हे कुणी विचारत नाही आणि चित्रपट सांगत नाही. स्वागतकक्षात लान्स रेडिकने साकारलेला शॅरन उभा असतो. ग्रीक पुराणात मृतांकडून नाणं घेऊन त्यांना नदीपार नेणाऱ्या नावाड्याचंच नाव त्याला दिलेलं आहे. हे ज्याला माहीत आहे त्याला नाण्यांची एक वेगळी गंमत कळते. ज्याला माहीत नाही त्याचं काहीच अडत नाही, कारण रेडिकचा तो मखमली आवाज आणि किंचित झुकलेली मान पुरेशी असते.

पहिल्याच भागात जॉनच्या घरावर रात्री हल्ला होतो आणि घरभर प्रेतं पडतात. तेवढ्यात दार वाजतं. बाहेर गस्तीवरचा पोलीस, जिमी. शेजाऱ्यांनी आवाजाची तक्रार केली आहे. जॉनच्या खांद्यावरून त्याला आतलं प्रेत दिसतं. पुन्हा काम सुरू केलंस का, एवढं तो विचारतो आणि निरोप घेऊन निघून जातो. मग जॉन एक फोन करतो आणि बारा जणांच्या जेवणासाठी टेबल राखून ठेवायला सांगतो. थोड्या वेळाने वयस्कर चार्ली आपली माणसं घेऊन येतो, प्रेतं गुंडाळली जातात, फरशी पुसली जाते, नाणी मोजून दिली जातात आणि दोघं जुन्या ओळखीच्या माणसांसारखे दोन शब्द बोलतात. कुठेही कुणी कुणाला काही समजावून सांगत नाही. ज्याला जे माहीत आहे ते त्याच्या वागण्यात दिसतं, आणि उरलेलं आपण भरून काढतो.

दुसऱ्या भागात हे आणखी खुलतं. जॉनच्या डोक्यावर इनाम लागतं तेव्हा ती बातमी जिथून सुटते ते कार्यालय एकदा थांबून पाहावं. जुन्या वळणाचे कपडे घातलेल्या, हातभर गोंदवलेल्या बायका. टेलिफोन एक्स्चेंजचे जुने खटके आणि तारा. हवेच्या दाबाने नळ्यांमधून धावणारे कागद. कमोडोर कंपनीचे ऐंशीच्या दशकातले संगणक. आणि फळ्यावर खडूने लिहिलेली रक्कम. एका कळीवर जगभर संदेश जाऊ शकतो अशा काळात हे लोक टंकलिखित कागदावर शिक्का मारतात. त्यामुळे हे जग किती जुनं आहे हे एकही तारीख न सांगता समजतं. शिवाय प्रत्येक मृत्यूला कुणाचा तरी हात लागलेला असतो : नोंद करणाऱ्याचा, टाइप करणाऱ्याचा, फळ्यावरचा आकडा पुसून नवा लिहिणाऱ्याचा.

त्याच भागात रोममध्ये जॉन शस्त्रं घ्यायला जातो, तर दुकानदार त्याला उंची मद्यं दाखवावीत तशी पिस्तुलं दाखवतो. शिंप्याकडे तो जातो, तर कापडात कोणतं अस्तर घालायचं म्हणजे गोळी अडेल याची चर्चा होते. तो शिंपी म्हणजे चित्रपटाचा वेशभूषाकार लुका मोस्का स्वतः आहे. ही नुसती हौस नव्हे. या जगातले एकेक सेवेकरी पाहा आणि चित्रीकरणावरचे एकेक कामगार आठवा. शिंपी म्हणजे वेशभूषाकार. शस्त्रवाला म्हणजे सेटवर हत्यारं सांभाळणारा. चार्ली म्हणजे शॉट संपल्यावर काचा आणि खोटं रक्त गोळा करणारी माणसं. हॉटेलात रात्री-अपरात्री टाके घालणारा डॉक्टर प्रत्येक स्टंट पथकाला ओळखीचा असतो. आणि मारेकरी? सामान्य लोकांना त्यांचे चेहरे माहीत नाहीत, पण आपल्या धंद्यात त्यांची कीर्ती आहे. ते एकमेकांचं काम डोळ्यात तेल घालून पाहतात. समोरच्याने डाव चांगला टाकला तर मार खातानाही त्यांना कौतुक वाटतं. तिसऱ्या भागात मार्क डाकास्कोसने रंगवलेला झिरो जॉनला ठार मारायला आलेला असतो आणि त्याच वेळी त्याला भेटल्याचा त्याला इतका आनंद झालेला असतो की तो लपवता येत नाही. त्याच्या दोन साथीदारांच्या भूमिका ‘द रेड’पटांतून नावाजलेल्या यायान रुहियान आणि चेचेप आरिफ रहमान या इंडोनेशियन लढवय्यांनी केल्या आहेत. जॉनशी लढताना ते त्याला आदराने मान झुकवतात. त्या चौकटीत अभिनय किती आणि एका कारागिराने दुसऱ्याला दिलेला खराखुरा मान किती, हे वेगळं करता येत नाही.

रोममधला आणखी एक प्रसंग. जॉन आणि त्याच्या जिवावर उठलेला कॅशिअन रस्त्यातून, पायऱ्यांवरून एकमेकांना आपटत येतात आणि काच फोडून थेट तिथल्या कॉन्टिनेंटलमध्ये कोसळतात. आत नियम लागू होतो. व्यवस्थापक दोघांना बारमध्ये बसून शांत व्हायला सांगतो. दोघं बसतात, एकमेकांची आवडती दारू कोणती ते त्यांना आठवतं, आणि ज्याला मारायचं आहे त्याच्याशी कॅशिअन सभ्यपणे बोलतो. मारामारी सुरू करणं आणि थांबवणं यांत रागाचा संबंध नसतो, हे ज्याने आयुष्यभर ठरलेल्या खुणेवर ठोसे मारले आणि ‘कट’ ऐकल्यावर समोरच्याला हात देऊन उठवलं, त्यालाच इतक्या सहजपणे सुचेल.

या शिष्टाचारात प्रेक्षकाला ओढून घेण्याची मोठी ताकद आहे. आपल्या जगण्यात नियम असतात पण ते कुणासाठी वाकतील याचा भरवसा नसतो. इथे दिलेला शब्द पाळला जातो, प्रत्येक सेवेचा दर ठरलेला आहे आणि हॉटेलच्या दारात राजा-रंक सारखेच. पण मालिका तिथे थांबली असती तर तिचं मोल कमी झालं असतं. दुसऱ्या भागात, ज्याला जॉनने पूर्वी शब्द दिलेला आहे तो सँटिनो जुना मार्कर घेऊन येतो. जॉन नकार देतो, तर त्याचं घर जाळलं जातं. मग तो शब्द पाळतो, तर त्याच्याच डोक्यावर इनाम लागतं. शेवटी तो सँटिनोला कॉन्टिनेंटलच्या आत गोळी घालतो आणि बहिष्कृत होतो. व्यवस्थापक विन्स्टन त्याला मित्र म्हणून एक तासाची मुदत देतो. सेंट्रल पार्कमध्ये विन्स्टन हात करतो आणि आजूबाजूचे सगळे, चालणारे, गप्पा मारणारे, बाकावर बसलेले, जागच्या जागी थांबतात. म्हणजे हे सगळे त्या जगातलेच. नियमांचं जे जग इतका वेळ आपल्याला निवारा वाटत होतं, त्याला बाहेरच नाही, हे त्या एका हालचालीत कळतं. बाहेर पडायला जॉन जो नियम वापरतो तोच त्याला आणखी आत ओढतो.

या मालिकेबद्दल मला एक अस्वस्थता आहे आणि ती सुरुवातीलाच सांगायला हवी. चार चित्रपटांत शेकड्यांनी माणसं मरतात. त्यांना नावं नाहीत, घरं नाहीत, त्यांच्यासाठी कुणी रडत नाही. ज्या देशात शाळांमध्ये गोळीबार होतात, तिथे बंदूक इतकी देखणी करून दाखवणं हा निरागस खेळ राहत नाही. चित्रपटाला याची अर्धीमुर्धी जाणीव आहे. जॉन भागागणिक जास्त लंगडतो, त्याचं बोलणं आटत जातं (चौथ्या भागात तो जेमतेम ३८० शब्द बोलतो), आणि बदला घेऊन त्याला काहीही परत मिळत नाही. पण ही जाणीव पुरेशी आहे असं मी म्हणणार नाही. स्टाहेल्स्कीच्या बाजूने एक गोष्ट मात्र नोंदवते : ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘रस्ट’च्या चित्रीकरणात हेलाइना हचिन्स या छायाचित्रणकार गोळी लागून गेल्या, तेव्हा सेटवर खरी बंदूक असण्याची गरजच उरलेली नाही, असं जाहीरपणे म्हणणाऱ्यांत तो होता. ब्रँडन लीच्या जागी उभ्या राहिलेल्या माणसाकडून हे आलं, त्याला वजन आहे.

जग फार उलगडलं की ते विरतं, हेही या मालिकेने दाखवलं. तिसऱ्या भागात वाळवंटातला सर्वोच्च ‘एल्डर’ तंबूत बसलेला दिसतो. तो दिसेपर्यंत जास्त भव्य होता. २०२३ ची ‘द कॉन्टिनेंटल’ ही तीन भागांची मालिका विन्स्टनला हॉटेल कसं मिळालं ते सत्तरच्या दशकात जाऊन सविस्तर सांगते. विन्स्टनच्या भूमिकेतल्या इयन मॅकशेनच्या एका भुवईतून आपण ते कधीच ओळखलेलं होतं. २०२५ च्या ‘बॅलेरिना’मध्ये आना दे आर्मासने जीव ओतून काम केलं आहे आणि ज्वालाफेकीची तिची लढत पाहण्यासारखी आहे. पण ऑस्ट्रियातल्या हालश्टाटमध्ये घडणाऱ्या भागात गावातला प्रत्येक माणूस मारेकरी निघतो, आणि ज्याच्या पोटात हे गुप्त जग लपायचं ते साधं जगच नाहीसं होतं. जिमी पोलिसाला या गावात जागा नाही. म्हणून तिथे थरारही उतरतो.

प्रभावाबद्दल थोडक्यात. लीचचा ‘ॲटॉमिक ब्लाँड’ (२०१७), कोलस्टॅडने लिहिलेला ‘नोबडी’ (२०२१), स्टंटमन सॅम हारग्रेव्हने दिग्दर्शित केलेला आणि अहमदाबाद-मुंबईत चित्रित झालेला ‘एक्स्ट्रॅक्शन’ (२०२०), देव पटेलचा ‘मंकी मॅन’ (२०२४) हे सगळे याच वाटेवरचे. निखिल नागेश भट यांच्या रेल्वेच्या डब्यात घडणाऱ्या ‘किल’ या हिंदी चित्रपटाचे इंग्रजीतले हक्क २०२४ मध्ये स्टाहेल्स्कीच्याच कंपनीशी जोडले गेले. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी सुरू झाली आहे.

मराठी वाचकाला तर हे परकं वाटायचं कारण नाही. मुंबईत मूकपटांच्या काळात स्टंटपट पिकला तो मास्टर विठ्ठल यांच्यासारख्यांच्या अंगबळावर. पुढे ‘आलम आरा’चे (१९३१) नायक झालेले विठ्ठल तलवारबाजीच्या चित्रपटांतले लोकप्रिय नट होते. गिरणीत काम केलेल्या भगवान पालव यांनी, म्हणजे आपल्या मास्टर भगवाननी, ‘अलबेला’च्या (१९५१) कितीतरी आधी कामगारवस्तीच्या थिएटरांसाठी स्वस्तातले स्टंटपट काढले. ते स्वतः मारत, स्वतः पडत, स्वतः दिग्दर्शन करत. आपण त्यांचा नाच लक्षात ठेवला आणि पडणं विसरलो. त्या चित्रपटांच्या प्रती आज बहुतेक उरलेल्या नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. हॉलिवूडनेही या माणसांना उशिराच जवळ केलं. स्टंटची रचना करणाऱ्यांसाठी ऑस्कर देण्याचा निर्णय अकादमीने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केला, आणि तो लागू होणार २०२७ मध्ये प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांना. या निर्णयासाठी झटणाऱ्यांत डेव्हिड लीच पुढे होता.

चौथ्या भागातला जिना या पुस्तकात वारंवार येईल, म्हणून त्याची ओळख इथेच. पॅरिसमध्ये माँमार्त्रच्या टेकडीवर साक्रे-कूर चर्चकडे जाणाऱ्या रु फोयातिए या रस्त्याला २२२ पायऱ्या आहेत. सूर्य उगवायच्या आत जॉनला वर पोचायचं आहे. नाही पोचला तर द्वंद्व हरल्यात जमा. तो एकेक पायरी लढत जवळजवळ वर येतो, एक लाथ बसते आणि तो गडगडत खाली जातो. थांबतो असं वाटतं तर आणखी खाली. थेट तळापर्यंत. थिएटरात लोक आधी हसतात, मग कळवळतात, आणि मग तो पुन्हा उठतो. स्टाहेल्स्की बस्टर कीटनला गुरू मानतो आणि दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला त्याने न्यूयॉर्कच्या भिंतीवर कीटनची फीत झळकवली आहे. ‘सेव्हन चान्सेस’मध्ये (१९२५) कीटन दगडधोंड्यांच्या लोंढ्यापुढे उतारावरून धावतो, तेव्हाही हसू आणि काळजी अशीच एकत्र येतात. त्याच्या आदल्या वर्षी ‘शेरलॉक ज्युनिअर’मध्ये पाण्याच्या टाकीखाली सापडून कीटनच्या मानेचं हाड दुखावलं आणि ते त्याला अनेक वर्षांनी कळलं. त्या जिन्यावर पुढे जॉनच्या मदतीला येतो तो केन, डॉनी येनने साकारलेला आंधळा मारेकरी. पहाटेच्या द्वंद्वात जॉनसमोर उभा राहणार आहे तोच. ज्याच्याशी लढायचं आहे तो वेळेवर पोचावा म्हणून तो त्याच्या बाजूने लढतो.

पुस्तक वाचण्याआधी निदान पहिला भाग पाहावा, आणि क्रम मोडू नये. दुसरा पाहताना बायकांच्या त्या कार्यालयापाशी थोडं थांबावं. तिसऱ्यात पुराणवस्तूंच्या दुकानात काचा फोडून सुऱ्या फेकण्याची जी लढत आहे ती दोनदा बघावी : पहिल्यांदा जॉनकडे पाहत, दुसऱ्यांदा सुरा लागून कोसळणाऱ्यांकडे. कोण कुठल्या खांद्यावर पडतो, कोण पडता पडता पुढच्या माणसाला वाट करून देतो, कोणामुळे रीव्ह्जचा हात इतका वेगवान वाटतो, हे दुसऱ्या वेळी दिसायला लागतं. चौथ्यात जिन्याआधीचं, छतावरून खाली पाहणाऱ्या कॅमेऱ्याचं लांबलचक दृश्यही असंच पाहावं. त्या माणसांची नावं श्रेयनामावलीत शेवटी, बारीक अक्षरांत येतात, तोवर दिवे लागलेले असतात. पहिलं प्रकरण त्या यादीपासून सुरू होतं.